शनिवारचं गिऱ्हाईक

“गिऱ्हाईक नजरेआड होईपर्यंत मान वर करायची नाही. त्यांनी वळून पाहिलं आणि तू ताठ उभी दिसलीस, तर आतला सगळा पाहुणचार वाया गेला समज.”

तिला काम शिकवणाऱ्या ओगावा बाईंनी हे सांगितलं त्याला एकतीस वर्षं झाली होती. बाई जाऊनही बारा झाली. पण मित्सुयो कमरेत वाकली की तो आवाज अजून कानाशी येई. आत्ताही ती मिदोसुजी रस्त्याच्या रुंद फुटपाथवर, हातमोज्यांच्या दुकानाच्या दारात वाकून उभी होती. हात पोटाशी, उजव्यावर डावा. नजरेच्या टप्प्यात फरशीचे तीन दगड, त्यांवर गिंकोच्या झाडांची पिवळी पानं आणि कुणाच्या तरी टाचेखाली फुटलेलं एक फळ. वाकलं की त्याचा सडका वास जास्तच जाणवे.

वाकलेल्या माणसाला गिऱ्हाईक कुठवर गेलं ते दिसत नाही. म्हणून दुकानात जुनी पद्धत होती. एकीने बाहेर वाकायचं, दुसरीने काचेमागे थांबायचं, आणि गिऱ्हाईक कोपऱ्यावर वळलं की बोटाच्या पेराने काचेवर दोनदा टकटक करायची. आज टकटक होत नव्हती, कारण आजचं गिऱ्हाईक, नारुसे बाई, जातच नव्हत्या.

चार शनिवार हे चाललं होतं. बाई बरोबर तीनला येत, एखादा रुमाल घेत, पिशवी दोन्ही हातांनी स्वीकारून निघत, आणि चौथ्या झाडाखाली थांबत. शाल नीट करत, पानांकडे बघत, मग दुकानाच्या दाराकडे बघत उभ्या राहत.

अकरा मिनिटांनी काच वाजली. मित्सुयो सरळ व्हायला गेली तर पाठ गंजलेल्या बिजागरीसारखी अडली.

“आज अकरा,” आत येताच हामागुची म्हणाली. ती मित्सुयोनंतर दोन वर्षांनी कामाला लागलेली. “काय घोडं मारलंयस गं तिचं? नवरा पळवला होतास?”

“जुन्या घरातल्या आहेत. रीत पाहतात.”

“रीत कसली. बाईने तुलाच ओंदा केलं.”

काउंटरमागच्या दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. मित्सुयोही थोडी हसली. दुकानात हा शब्दच रूढ झाला होता. कुणाला ताटकळत ठेवायचं झालं की म्हणत, तिला जरा ओंदा करू.

ओंदा म्हणजे चार वर्षांपूर्वीची एक मुलगी. एकोणीस वर्षांची, शिकाऊ. गिऱ्हाईक अजून सिग्नललाच असताना एकदा तिने मान वर केली होती. “उद्या शिकवते,” मित्सुयो म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी काचेमागे स्वतः उभी राहिली. भर ऑगस्टचं रणरणतं ऊन. गिऱ्हाइकाने दारातच टॅक्सी धरली आणि मिनिटाभरात दिसेनासं झालं. मित्सुयोने पेर काचेपर्यंत नेलं आणि परत खाली घेतलं. मग तिने दोन गिऱ्हाइकं केली. बाकीच्या पडद्याआडून बघत होत्या. पोरगी किती टिकते यावर ताकोयाकी खाऊ घालायची पैज लागली, ती हामागुची जिंकली. चाळीस मिनिटांनी टकटक झाली तेव्हा ओंदा आत आली, “शिकवलंत, आभारी आहे,” म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

आजकालच्या पोरी, मित्सुयो तेव्हा म्हणाली होती. मनात मात्र तिला समाधान वाटलं होतं. रोज कामावर येताना गल्लीतल्या शेवाळलेल्या देवाच्या अंगावर पळीभर पाणी घालायचं आणि गिऱ्हाईक नजरेआड होईतो वाकायचं, हे दोन नेम तिने कधी मोडले नव्हते. नेम पाळणाऱ्याला न पाळणाऱ्याची कीव येते. कधी कधी कीवही येत नाही.

“पुढच्या शनिवारीही तीनलाच टपकली ही, तर?” हामागुचीने विचारलं. “मालकीणबाईही तोक्योहून तीनलाच यायच्यात.”

“आल्या तर वाकेन.”

दुकानाचा कारभार पाहणाऱ्या थोरल्या बाई महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी कोण, हे मालकीणबाई शनिवारी स्वतः येऊन ठरवणार होत्या. मित्सुयोची नोकरी दोन वर्षं उरलेली. एकतीस वर्षं तिने त्या एका खुर्चीकडे बघून काढली होती, आणि एका गिऱ्हाइकाची एक तक्रार ती खुर्ची काढून घ्यायला पुरेशी होती.

नारुसे बाई मात्र बुधवारीच आल्या.

“आज वाट वाकडी केलीत,” मित्सुयोने त्यांचं कोपर मखमली उशीवर टेकवत म्हटलं.

“शनिवारी तुमची गडबड आहे म्हणे. हामागुची बाई बोलक्या आहेत. खुर्चीचं, मालकीणबाईंचं, सगळं सांगितलं त्यांनी.”

मित्सुयोने राखाडी रंगाचा कातडी हातमोजा घेतला आणि बाईंच्या एकेका बोटावरून हळूहळू खाली सारू लागली. ती हे काम फार सुरेख करी.

“माझ्यासाठी नकोत. मुलीसाठी हवेत. तिचा हात लहान आहे.”

“माप आहे का त्यांचं?”

“तुम्हालाच असेल अंदाज. पोटाशी हात कसे धरायचे ते तुम्हीच शिकवलंत.”

मित्सुयोचं हसू जागेवरच राहिलं.

“मी माहेरचं नाव लावते,” बाई म्हणाल्या. “तिने वडिलांचं ठेवलंय. ओंदा.”

अंगठा आणि तर्जनीमधलं कातडं दाबून बसवायचं राहिलं होतं. मित्सुयोचं बोट तिथेच थांबलं.

“घट्ट होतोय का?” तिने विचारलं.

“छान बसतोय.” बाईंचा आवाज आज ऊन बरं पडलंय असं सांगावं तसा होता. “दाराची घंटी वाजो की फोनची, ती दारामागे जाऊन वाकते. पोस्टमन येतो, जातो, ती तशीच. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं असायची. आता दुपारच्या दुपार जाते. डॉक्टर झाले, नवस झाले. मी म्हणते, गेले गं ते, ऊठ. ती म्हणते, टकटक झाली नाही.”

“तुम्ही करून—”

“केली. पेरांची सालं निघाली. म्हणते, ही ती नाही.”

काउंटरच्या त्या टोकाला हामागुची रुमालांच्या घड्या नीट करत होती. त्या आधीच नीट होत्या.

“मी शनिवारी झाडाखाली थांबायचे ना, ते चाळीस मिनिटांपर्यंत जायचं ठरवूनच. पण थंडी वाजते हो. अकराच्या पुढे जमलं नाही.” बाईंनी मोजा घातलेला हात उलटसुलट करून पाहिला. “तुम्ही या घरी. तुमची टकटक ती ओळखेल. शनिवारी तीनला या.”

“रविवारी सुट्टी असते माझी. पहाटे पाचलाही येईन.”

“तिला कुठलीही वेळ चालेल,” नारुसे बाई म्हणाल्या. “मला चालणार नाही.”

मित्सुयोने मोजा काढायला घेतला. बोटाबोटाने सैल करत, एकही सुरकुती न पाडता तो काढला आणि कागदावर ठेवला.

“येते.”

“शब्द?”

“शब्द.”

बाईंनी पत्त्याची चिठ्ठी उशीवर ठेवली. मोजे न घेताच उठल्या. मित्सुयो दारापर्यंत गेली आणि वाकली. आज बाई चौथ्या झाडाखाली थांबल्या नाहीत. त्यांच्या टाचांचा आवाज न अडखळता दूर गेला आणि लगेच काच वाजली. मित्सुयो वाकलेलीच राहिली. काच पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा हामागुची दार उघडून बाहेरच आली.

“बहिरी झालीस का? केव्हाच गेली ती.”

गुरुवारी मित्सुयोने दोनदा चिठ्ठीवरचा फोन नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत ठेवून दिला. घंटी वाजली तर त्या घरात काय होईल ते तिला आता ठाऊक होतं. शनिवारी सकाळी तिने शेवाळलेल्या देवावर पाणी घातलं. रोज ती काही ना काही मागायची. त्या दिवशी तिचं तोंडच उघडेना.

दोनच्या सुमारास दुकान लग्नघरासारखं झालं. फरशी दोनदा पुसली गेली. मालकीणबाईंची खुर्ची खिडकीपाशी मांडली गेली. थोरल्या बाईंनी मित्सुयोचा गळपट्टा स्वतः सरळ केला आणि हळूच म्हणाल्या, “तुझंच नाव सांगितलंय मी. फक्त समोर उभी राहा.”

“आभारी आहे,” मित्सुयो म्हणाली.

सव्वादोनला ती मागच्या खोलीत गेली. कपाटातून आपला कोट काढला. बटणं लावताना हामागुची दारात येऊन उभी राहिली.

“निघालीस?”

“हो.”

“मला वाटलंच.” हामागुचीने नवी लिपस्टिक लावली होती. “त्या बाईला वेळ मी सांगितली, म्हणून रागावली नाहीस ना? गिऱ्हाइकाने विचारलं, तर सांगावं लागतं.”

“लागतं खरं.”

“सावकाश जा. इकडची काळजी करू नकोस, मी आहे.” मग आवाज उतरवून ती म्हणाली, “पण मालकीणबाईंना काय सांगू? डोकं दुखत होतं म्हणू?”

मित्सुयोने शेवटचं बटण लावलं.

“सांग, ओंदा शिओरीकडे गेले. आपल्याकडे शिकाऊ होती. तिला मी चाळीस मिनिटं उन्हात वाकवून ठेवलं होतं आणि तुम्ही सगळ्या बघत होतात.”

हामागुचीच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं. दारातून बाजूला व्हायचं तिला सुचेना. मित्सुयो तिच्या खांद्याला खांदा घासून पलीकडे गेली, मागच्या गल्लीत उतरली, आणि चिठ्ठीवरचं स्टेशनचं नाव पुन्हा एकदा वाचून भुयारी रेल्वेच्या पायऱ्यांकडे चालू लागली.