पाटलाच्या आखातली चांदी

मी पुंजाराम लोहाराची बायको, मनकर्णा. लगन होऊन आली तवापासून भट्टीचा भाता माह्याच हातात हाये. घन उचलायची पाळी आली तं थो बी मीच उचलते. पन भात्यावरच्या बाईचं आयकते कोन? पालथ्या घड्यावर पानी.

त्या साली दूर कुठंतरी गोऱ्यायची आपसात लढाई जुंपली म्हने, अन् आमच्या वऱ्हाडातल्या कापसाले सोन्याचा भाव आला. ज्याच्या डोक्याले धड पागोटं नव्हतं, थो बैलाच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या चढवून अकोल्याले जाऊन राह्यला होता. कोनी तं गाडीच्या चाकाले लोखंडाच्या जागी चांदीची धाव ठोकली, अशा बाता रोज आयकू येत. आमच्या घरी चांदी म्हंजे माह्या हातातलं एक कडं. माहेराहून, शेंदूरजनाघाटाहून, निघताना मायनं आपल्या हातातलं काढून माह्या हातात घातलेलं. माय गेली, कडं राह्यलं. सुगीत बलुत्याचे दाने आनाले पाटलाच्या घरी गेली की पाटलीनबाई, गोदाबाई, माहा हात धरून ते फिरवून फिरवून पाहे. म्हने, "मनकर्णे, अशी घडन आता कुठी भेटते वं?"

आमचे पाटील भगवंतराव. दुसऱ्यायच्या चांदीच्या बाता आयकून त्यायचा जीव खालीवर होये. त्यातच त्यायच्या मळ्यात विहीर खंदता खंदता लोखंडाचा एक गोटा निघाला. वासराच्या मुंडक्याएवढा, पन दोघा गड्यायले उचलेना. पाटलाचा आजा सांगे, की आभाळातून आगीचा लोळ पडला होता. थो हाच, असं साऱ्यायनं ठरवलं.

पाटील गोटा घेऊन आमच्या भट्टीवर आले. "पुंजाराम, माह्या गाडीले याचा आख कर," म्हने. आख म्हंजे ज्याच्यावर दोन्ही चाकं फिरतात थो दांडा. गाडीचा सारा बोजा त्याच्यावर.

आमच्या ह्यायनं गोट्याचा एक कोपरा छिन्नीनं काढला, तापवला, ठोकला. गरम होता तवर गुमान वाकला. थंडा झाल्यावर हातोडीचा एक टोला देल्ला, तं कट्‌कन तुटला. तुटल्या जागी लोखंडात पांढऱ्या नसा चमकत होत्या.

"पाटील, हे पांढरं वाईट हाये जी," हे म्हनले. "गरमीत दबून राह्यते अन् थंडीत दगा देते. मले घड्या घालून घालून ठोकू द्या. जेवढं निघन तेवढं काढतो. आख बारीक होईन, पन टिकन."

पाटलानं तुकडा उन्हात धरला. "बह्याड मानसा, हे वाईट नाई, चांदी हाये. रवाभर बी काढायची नाई. आखाची टोकं चाकाच्या भायेर निघतात, तठी घासून चमकव. अकोल्यात लोकायले दिसलं पाह्यजे."

"चांदी अशी तुटत नाई, पाटील," मी भात्यावरून म्हनलं. "चांदी नरम असते."

"तुले काय समजते वं? भाता वढ."

पाटील गेल्यावर मी ह्यायच्या मागंच लागली. "नाई म्हना ना. तुमाले दिसून राह्यलं ना हे मोडनार म्हनून?"

"नाई म्हनून खाऊ काय?" हे म्हनले. "भट्टीची जागा पाटलाची. मागच्या साली त्यायनं कुंभाराले गावातून हाकललं, तं कोन बोललं? आख जर मोडला तं आपली बी तीच गत."

मोडला तरी हाकलनार, नाई केला तरी हाकलनार. असा संताप आला मले, पन करते काय? भाता वढला. आख तयार झाला, टोकं घासून चमकवली. दुपारच्या उन्हात रिकामी गाडी गावातून फिरवली. आख टिकला. पाटील माह्याकडे पाहून हासले.

पुसाची कडाक्याची थंडी होती तवा कापसानं लादलेली गाडी अकोल्याले निघाली. पाटील सोता कासरा धरून बसले होते. गोदाबाईनं ओवाळलं. सारं गाव वेशीवर जमलं होतं. गाडी नाल्यात उतरली, अन् कट्‌कन आवाज झाला. थोच आवाज. चाक एकीकडे, कापूस चिखलात, अन् पाटील कापसावर. कोनी हासलं नाई. हासले असते तं पाटलाचा राग लोकायवर निघाला असता. थो आमच्यावर निघाला.

तुटका आख घेऊन पाटील भट्टीवर आले. मागं सारं गाव, अन् गोदाबाई बी. "यातली चांदी काढली तुनं, पुंजाराम. आतून पोकळ करून देल्ला, म्हनून मोडला."

जल्मात दुसऱ्याचा खिळा घरी ठेवला नाई, अशा मानसाले चोर म्हनलं. मले राहवलं नाई.

मी छिन्नी घेतली. आखाच्या तुटल्या तोंडावरून पांढरी कपची उडवली अन् ऐरनीवर ठेवली. "हे तुमची चांदी, पाटील." हातोडीचा टोला देल्ला. भुगा झाला.

"आता खरी चांदी पाहा." मी हातातलं कडं काढलं. हे "नको, नको" म्हनत राह्यले, पन मी घन उचलला होता. मायचं कडं पापडावानी पसरलं, तुटलं नाई.

"पाह्यलं? चांदी पसरते, तिचा भुगा नाई होत. आखात चांदी नव्हतीच, तं आमी चोरलं काय?"

लोकं वाकून पाहू लागले. "बाई खरं बोलून राह्यली," असं कोनीतरी मागून म्हनलं बी. मले वाटलं, जितली.

पाटलानं चपटं कडं उचललं, तळहातावर तोललं. मंग सावकाश म्हनले, "लोहाराच्या बायकोजोळ एवढी चांदी आली कुठून?"

"माह्या मायचं कडं हाये ते. पाटलीनबाईले इचारा. त्यायनं दर सुगीत पाह्यलं हाये, हातात धरून."

साऱ्यायच्या नजरा गोदाबाईकडे वळल्या. तिनं पदर पुढं वढला. चपट्या चांदीकडे पाह्यलं, मंग नवऱ्याकडे.

"आता हे वळखू येत नाई," थे म्हनली.

हात दाखवून अवलक्षन म्हनतात, ते हेच. ज्या घडनीवरून तिनं वळखलं असतं, थे घडन मीच घनाखाली घातली होती. कुंभारावानी पाटलानं आमाले बी गावातून हाकललं.

आमी ऐरन गाडीत टाकून अमरावतीले आलो. तुटका आख पाटलानं ठेवून घेतला, अन् माहं कडं बी. त्यायच्या लेखी दोन्ही एकच चांदी.