पेळूचं काळीज

"दार उघड गं पोरी, वारं येऊ दे जरा."

सासऱ्यांचा, अमीनबाबांचा, हा आवाज जाऊन कैक वर्षं झाली, तरी सुगराच्या कानातून तो गेला नव्हता. ती तेव्हा कोडोलीहून नवी नवरी म्हणून आली होती. हातावरची मेहंदीसुद्धा उतरली नव्हती. सासरे माजघरातल्या खाटेवर छाती धरून बसलेले असायचे आणि पुढच्या सोप्यात नबीलाल, तिचा नवरा, कापूस पिंजत असायचा. दार लावून. पिंजाऱ्याच्या घरात पिंजताना दार लावतातच. वाऱ्याची एक झुळूक आत आली की मोकळा झालेला कापूस आढ्याला जाऊन लटकतो, आणि मग तो गोळा करता करता दिवस सरतो. सुगरा कडीला हात लावायची, तसा सोप्यातून आवाज यायचा, "थांब! एवढी गादी हातावेगळी होऊ दे. अब्बा, दम धरा की जरा."

अब्बांनी दम धरला. महाराज गादीवर आले त्या साली पागेतल्या स्वारांच्या रजया भरल्या, हे येणाऱ्याजाणाऱ्याला छाती काढून सांगणारा तो माणूस, त्याच छातीत कापूस साठून एका दुपारी गेला. दार तेव्हाही लावलेलंच होतं.

नबीलाल त्यावर कधी बोलला नाही. पिंजणही थांबलं नाही, कारण पोट थांबत नाही. पिंजणाच्या धनुष्याची तात तुणतुणत राहिली, घरात पांढरा ढग उठत राहिला. त्याच ढगात मेहमुदा जन्मली, रांगली, खोकली. सुगरा जात्यावर बसली की तिच्या ओठांवर आपसूक यायचं:

पिंजितो कापूस, माझ्या सख्याची गं तात
ढगामंदी घर माझं, सूर्व्या येईना घरात

लेकीचा खोकला ऐकून ती म्हणायची, "अवं, मागच्या परड्यात बसून पिंजा की." नबीलाल हसायचा. "परड्यात वारं किती! कापूस पंचगंगेच्या पल्याड जाईल. पोरास्नी खोकला असतोच."

आणि होती पेळू. सूत कातायला कापसाची गुंडाळी करतात ना, तशीच दिसायची म्हणून हे नाव. पिंजलेल्या ढिगात कुठल्याशा मांजरीनं टाकलेलं हे पिल्लू नबीलालनं तळहातावर उचललं, तेव्हापासून ते त्याचंच. तो पिंजायला बसला की पेळू ढिगाच्या शेंड्यावर. तातीचा ठोका पडला की तिचा कान हलायचा.

कार्तिकातल्या एका सकाळी नबीलालचा हात ठोका मारता मारता अधांतरी राहिला. पेळू ढिगावर नव्हती. भिंतीशी बसली होती, कोपरं फाकून, मान पुढं काढून, आणि कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकत होती. बरगड्या भात्यासारख्या चालल्या होत्या. मिशीवर कापसाचा एक पुंजका अडकला होता.

नबीलालनं तो चिमटीत धरला आणि बघत राहिला.

"अब्बास्नी अशीच धाप लागायची," तो म्हणाला.

एवढंच. मग उठला, पिंजण खांद्यावर घेतलं आणि मागच्या परड्यात गेला. चार बांबू रोवले, तरटं बांधली, आडोसा केला. त्या दिवसापासून घरात कापूस पिंजला गेला नाही. सोप्याचं दार उघडलं. बिजागऱ्या गंजल्या होत्या, त्या कुरकुरल्या. आणि ऊन सरळ माजघरापर्यंत चालत आलं.

शेजारची धोंडुबाई कुडावरून डोकावली. "काय नबीभाई, कारखाना माळावर न्हेला म्हणायचा!"

"मांजराला सोसंना, मावशी."

"आगं बया! बायकू इतकी वर्सं कानीकपाळी वरडली तवा न्हाय सुचलं? सुगरा, पुढच्या जन्माला तू मांजर हो गं!"

सुगरा हसली खरी. पण ते तिला लागलं, आणि लागूनही आत कुठंतरी गोड वाटलं. कारण महिन्याभरात मेहमुदाचा खोकला उतरला. पोर रात्रभर सलग झोपू लागली. तिच्या नाकातून पांढरं येईना. पेळूची धाप मात्र थांबली नाही. ती सोप्यात उन्हाच्या पट्ट्यात पडून राहायची आणि पट्टा सरकला की दोन पावलं सरकायची, तेवढ्यानंही दमायची.

गल्लीच्या टोकाला गणपतराव राहायचे. महाराजांच्या पागेत घोड्यांचे वैद्य, म्हणजे सालोत्री, म्हणून उभी हयात गेलेली. त्यांची रजई भरून झाली होती, ती द्यायला सुगरा निघाली तेव्हा नबीलाल म्हणाला, "पेळूलाबी ने. घोड्याचं कळतंय त्यास्नी, मांजराचंबी कळंल." पेळूला टोपलीत घातलं, वर फडकं टाकलं.

गणपतरावांनी आधी थट्टा केली. "पोरी, माझ्या हाताखालनं दरबारचं अबलख घोडं गेलं, आन् तू मांजर आणलीस?" पण पेळूची कूस हलताना बघून जवळ सरकले. पेटीतून लाकडी नळी काढली, एक टोक तिच्या छातीला, एक आपल्या कानाला. बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले.

"काळीज हाय हे," ते म्हणाले. "पार सुजलंय. दोन टापा नीट पडत्यात, तिसरी लंगडी. असं एक शिंगरू हुतं आमच्याकडं. जन्माचंच असतंय."

"कापसानं न्हवं? हे म्हणत्यात, कापूस आत गेला."

"कापसाचा काय संबंध? ही रानात जन्मली असती तरी हेच व्हायचं हुतं. नवऱ्याला सांग, त्याच्या हातनं काय झालेलं न्हाय. गारठ्यात ठेवू नको, उडी मारू देऊ नको, पोटाखालनं उचलू नको. आन् एखाद्या दिवशी मागचे पाय गार पडले, ओढाय लागली, की समजायचं. मग वढावढ करू नको. जवळ बसायचं."

सुगरा परतली, तेव्हा ते वाक्य तिच्या जिभेवर होतं. त्याच्या हातनं काय झालेलं न्हाय. नवऱ्याला हेच ऐकायचं आहे, हे तिला ठाऊक होतं. परड्यात तरटाआड तो बसला होता. वाऱ्यानं हात उलले होते, बोटांच्या भेगांत रक्ताच्या रेघा होत्या, निम्मा कापूस कुडाला चिकटला होता.

"काय म्हणालं?" त्यानं तात सोडून विचारलं.

मेहमुदा उघड्या दारात उन्हात बसून चिंचोक्यांशी खेळत होती. स्वतःशीच गुणगुणत होती, खोकला नव्हता.

"गारठ्यात ठेवू नका म्हणालं," सुगरा म्हणाली. "उडी मारू देऊ नका."

"आन् कापसाचं?"

ती टोपली खाली ठेवायला वाकली. "आता काय सांगणार ते," ती टोपलीकडं बघत म्हणाली.

नबीलालनं मान हलवली. जसं काही त्याला ते आधीच माहीत होतं.

खोटं ती एक अक्षर बोलली नव्हती. खरंही सांगितलं नव्हतं. नबीलाल संध्याकाळी घरात येण्याआधी परड्यात उभा राहून अंगरखा झटकायचा, पटका सोडून झटकायचा, थंडीत गार पाण्यानं तोंड धुवायचा, मिशा धुवायचा. मग पेळूपाशी बसायचा. आणि एकदा सुगरानं दळता दळता ऐकलं, तो मांजराच्या कानाशी बोलत होता.

"दम धर म्हणालो मी. दार उघडाय पायजे हुतं. लई चुकलं बघ."

मांजराशी बोलत नव्हता तो. सुगराचा हात खुंट्यावर थांबला. ओठांवर आलेली ओवी तिनं मोठ्यानं म्हटली नाही:

मुक्या गं जीवाचं दुखणं सख्याच्या माथी दिलं
जात्याच्या तोंडी माझं खरं गं दळून गेलं

उद्या सांगू, ती मनाशी म्हणायची. मग उद्या उजाडायचा, उघड्या दारातून ऊन यायचं, मेहमुदा उन्हात नाचायची. आणि सुगरा गप्प राहायची.

पौषात एका सकाळी पेळू ओरडली. असं ओरडणं त्या घरानं कधी ऐकलं नव्हतं. ती पुढच्या पायांवर अंग ओढत होती, मागचे दोन्ही पाय चिंधीसारखे मागे. सुगरानं पंजा हातात धरला. गार, नदीतल्या गोट्यासारखा. तिनं परड्याकडं हाक मारली आणि नबीलाल पिंजण टाकून धावत आला. पण आत शिरण्याआधी थांबला. अंगरखा झटकला.

"आता या की तसंच!" सुगरा ओरडली.

तो थांबलाच. धुतलेल्या हातांनी त्यानं पेळूला मांडीवर घेतलं. ऊन उंबरा ओलांडून आलं, त्याच्या गुडघ्यावर चढलं, आणि उतरायच्या आत पेळू शांत झाली.

शेवग्याखाली त्यानं खड्डा खणला. मेहमुदानं ओंजळ भरून कापूस आणला आणि खड्ड्यात अंथरला. "मऊ लागंल तिला, अब्बा."

नबीलाल वाकला, आणि तो सगळा कापूस त्यानं मुठींनी बाहेर काढला. मातीला चिकटलेला शेवटचा पुंजकासुद्धा.

"ह्यो नगं. ह्यानंच मारलं तिला." खांद्यावरचा जुना पटका काढून त्यानं खाली घातला आणि पेळूला त्यावर ठेवलं. माती लोटली. मग परड्यात गेला, पिंजण आडवं घेतलं, आणि खुंटी फिरवून तात उतरवली. ताणलेली तात सुटताना एक बारीक सूर निघाला, आणि मिटला.

मेहमुदानं विचारलं, "पिंजण निजलं?"

"व्हय. कायमचं." तो सुगराकडं न बघता म्हणाला, "उद्या हातकणंगल्याला जातो. ठेसनावर वझी उचलीन. ह्या हातानं अब्बांस्नी मारलं, ह्या मांजराला मारलं. आता ही पोर तेवढी राहिलीया."

तो तात बोटांभोवती गुंडाळत होता, फेऱ्यावर फेरा, बोटं निळी पडेपर्यंत. सुगरा त्याच्यासमोर मातीतच बसली. तिनं तो गुंडा धरून ठेवला.

"अब्बांचं मला ठावं न्हाय," ती म्हणाली. "तवा कडीला माझाबी हात हुता, आन् मीबी दार उघडलं न्हाय. ते दोघांचं हाय. पर पेळूचं तुमच्या माथी न्हाय."

"काय बोलतीस?"

तिनं उघड्या दाराकडं एकदा बघून घेतलं. आता ते लागलं तर लागलं.

"तिचं काळीज जन्माचंच वाईट हुतं. गणपतरावांनी नळी लावून सांगितलं, कापसाचा काय संबंध न्हाय. तुम्हाला सांग म्हणालं हुतं. मी सांगितलं न्हाय. पोरगी निजत हुती, खोकत न्हवती, दार उघडं हुतं. ते परत लागंल म्हणून तुम्हाला असं जळताना बघत राहिली मी."

नबीलालनं मेहमुदाकडं बघितलं, आणि बोटांवरचा तातीचा एक फेरा उलगडला.