एका घराच्या दोन चुली

रूळ उपटत होते तेव्हा मी बघायला गेले नाय. ज्यांना हौस हाय त्यांनी जावं, फोटो काढावे. ती कोळशाच्या गाडीची सायडिंग मेली ते बरंच झालं.

वीज शहराला, कोळसा परमुलखातला, आनि रूळ मात्र आमच्या भातशेतातनं. वीजकंपनीनं रूळ टाकताना सांगितलं, जमीन गेली त्या दर घराला एक नोकरी. घर कसं मोजायचं, तर चूल मोजायची. आमचं घर एक, भाऊ दोन. थोरले वामनभाऊजी, धाकटा माझा नवरा देवजी. मग अख्ख्या गावानं केलं तेच आमी केलं, दुसरी चूल मांडली. साहेब आला की अंगनात भांडायचं ठरलं. कोनी काय बोलायचं ते भाऊजींनी पढवलं होतं.

माझी जाऊ सुंदराबाई ठरलेलं सगळं बोलली आनि वर म्हनाली, "वांझोटीला कशाला हवा निम्मा वाटा?" तेव्हा मला पोर नव्हतं. हे तिला कोनी पढवलं नव्हतं. नोकऱ्या दोन मिळाल्या, एक भाऊ फाटकावर, एक कोळशावर. पन साहेब गेल्यावर मी ती चूल मोडू दिली नाय. मधे भिंत घातली. पुढं मितेश झाला, तो तिच्या मांडीवर दिला नाय.

आता विजेचा कारखाना बंद झाला. सायडिंगच्या जागेवर गोदाम होतंय, आनि पुन्हा तेच, दर घराला एक नोकरी. माझा मितेश सानपाड्यात पार्सलं वाटत फिरतो. लग्नाची बोलनी निघाली की पहिलं विचारतात, परमनंट हाय का? ही नोकरी गेली तर पोरगा तसाच राहनार.

परवा गोदामाचे नंदकुमार साहेब चौकशीला आले. दोन्ही दारं बघून हसले. "आजी, या गावाच्या दोन दोन चुलींची गंमत आम्हाला ठाऊक आहे. भांडण पण खोटं, वाटणी पण खोटी. मी एकच घर धरणार. मग नोकरी थोरल्या घरच्या ऋषीला."

ऋषी म्हनजे सुंदराबाईचा नातू. ती तिच्या दारात उभी होती. माझं डोकंच फिरलं. तीस वर्सं बोललो नाय, आनि हा म्हनतो खोटं!

"साहेब, घरात मानूस गेलं की घरची चूल पेटत नाय, खरं ना? माझा नवरा गेला, तो दारातनं बाहेर काढला, तेव्हा हिच्या चुलीवर फोडनी पडली. लसनीची. मी रडत बसले होते आनि वास इकडं येत होता. एका घरात असं होतं काय?"

साहेबाचं हसू गेलं. त्यानं सुंदराबाईला विचारलं, "खरं आहे?"

"खरं हाय," ती म्हनाली. "माझी चूल पेटली होती."

त्यानं दोन घरं लिहिली आनि गेला. मला वाटलं, जिंकले.

"पुतळे," सुंदराबाई म्हनाली. इतक्या वर्सांनी तिच्या तोंडी माझं नाव. "ती फोडनी तुझ्या कडू घासाची होती. तुझी चूल बंद, म्हनून डाळ-भात मी रांधला. पातेलं घेऊन आले तर तुझ्या भावानं दारातनंच परत लावली. म्हनाला, तुमच्या हातचं तिला चालनार नाय."

मी आवाज चढवूनच म्हनाले, "मग साहेबासमोर का गप बसलीस?"

"बोलले असते तर घर एकच धरलं असतं. मग तुझ्या मितेशचं काय?"

ती आत गेली, दार लोटून घेतलं. मी अंगनात तशीच उभी. इतकी वर्सं तिला शिव्या घालत काढली, आनि मेलीनं आता शिवी घालायलासुद्धा जागा ठेवली नाय.