टेबलावरचं शहर

मी एका शहराची प्रतिकृती बोलतेय. माझ्यात रस्ते आहेत, बसथांबे आहेत, तळंही आहे. राहायला मात्र कोणी नाही.

नगररचना कार्यालयातल्या एका बाईंनी मला हातानं घडवलं. पुठ्ठ्याची घरं, काड्यांची झाडं, सौरऊर्जेच्या छपरांना निळा चकचकीत कागद. डिंकानं बोटं चिकटली की त्या एकट्याच हसायच्या. शहरात माणसं मावेनाशी झाली होती, धुरानं जीव नकोसा केला होता. कामाला चालत जाता यावं, घरं उन्हाळ्यात आपोआप गार राहावीत, एवढाच त्यांचा ध्यास.

मला दालनात मांडलं त्या दिवशी त्यांचे वडील आले. शिंपीकाम करायचे. चष्मा पुसून म्हणाले, "यात आपली गल्ली कुठंय गं?"

बाईंनी तळ्यावर बोट ठेवलं. "इथं होती, बाबा. दरवर्षी गुडघाभर पाणी शिरतं ना आपल्याकडे? आता ते इथं साठेल."

"आणि शेजारचे?"

"सगळ्यांना चांगली घरं मिळणारेत."

"एकमेकांजवळच?"

घरं चिठ्ठ्या टाकून वाटायची ठरली होती.

"तळं छान केलंयस हो," म्हणून ते चहासुद्धा न घेता निघाले.

शहर उभं राहिलं. हवा खरंच निवळली, बसगाड्या आवाज न करता धावू लागल्या. बाईंच्या वडिलांना नवव्या मजल्यावर घर मिळालं. गार, कोरडं, लख्ख. पण दार वाजवायला कोणी येईना. मग ते दुपारी माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसायचे. वाकून पुटपुटायचे, "इथं मावशी गेली. इथं न्हावी. इथं मी."

एकदा बाई म्हणाल्या, "बाबा, माझ्याकडे राहायला या ना."

"तुझ्याकडे तरी दिवसभर कोण असतं, पोरी?"

त्या हिवाळ्यात ते वारले. नंतरच्या वस्तीचा आराखडा करताना बाई घरोघर हिंडल्या, कुणाला कुणाचा शेजार हवा ते विचारत. तिथं गल्लीच्या गल्ली एकत्र हलली.

आता नवी शहरं संगणकाच्या पडद्यावरच आखतात. मी तळघरात आहे, छपरांचा निळा कागद सुटत चाललाय. शहरं आखणाऱ्यांनो, जरूर आखा. पण आधी जरा दारोदार जाऊन या.

बाई अधूनमधून खाली येतात, माझ्यावरची धूळ पुसतात, घटकाभर बसतात. दिवा मालवताना हळूच म्हणतात, "येते हं."

मला तेवढंही पुष्कळ आहे.