पिवळी टोपी

लग्नाआधी वर्लिननं मला जत्रेतल्या उंच पाळण्यातून आमचं अख्खं गाव दाखवलं होतं. पन्नासेक वर्षांनी त्याच जत्रेत, मनाई असताना, त्यानं प्रेक्षकांनी भरलेल्या उघड्या गॅलरीवर ड्रोन उडवला. तो माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या मैत्रिणीच्या, लाव्हॉनच्या भुवईवर आदळला.

"वाऱ्यानं ओढून नेला," वर्लिननं कोर्टात सांगितलं.

मग सरकारी वकिलानं ड्रोननंच टिपलेलं चित्रण लावलं. गॅलरीवरचे झेंडे निपचित लोंबत होते. ड्रोन प्रत्येक रांगेवर थांबत, पार माणसांच्या डोक्यांपर्यंत खाली येत होता. माझी पिवळी टोपी दिसताच तो थेट तिकडे वळला.

"काय शोधत होता?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

वर्लिनचे कान लाल झाले. "बायकोला. वाऱ्याचं खोटं सांगितलं मी."

मागं कुणीतरी खुसखुसलं. मी माझ्या बुटांकडे बघत राहिले.

दंड झाला, ड्रोन जप्त झाला. शिवाय पुढच्या जत्रेत 'ड्रोन उडवू नका' असा फलक धरून फाटकावर उभं राहायची शिक्षा झाली.

जत्रेच्या दिवशी सगळं गाव त्याच्या समोरून आत गेलं. लाव्हॉनही आली. भुवईवर टाक्यांचा वण होता.

"वर्लिन, मान वर कर की रे! बायको शोधतोयस ना? ही बघ, शेजारीच उभी आहे."

त्यानं मान वर केली नाही. फलक हलायला लागला, म्हणून दुसरं टोक मी धरलं. ऊन रणरणत होतं. टोपी मी घरीच ठेवून आले होते.