बांधापलीकडची जाऊ

मुकादमानं थोरलीला भर ओळीतून उठवलं. बाकीच्या बाया कधीच पुढं सरकल्या होत्या आणि ही अजून पहिल्याच वाफ्यात खुरपं ओढत बसलेली.

"आजी, उठ. उद्यापासून येऊ नकोस. तुझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा होतो."

"मेल्या, तुला नाक पुसायची अक्कल नव्हती तेव्हापासून खुरपतेय मी!"

"म्हणूनच म्हणतो, आता पुरे झालं."

बाया खाली माना घालून हसल्या. 

घरी सुनेनं ऐकलं आणि हातातलं भांडं आदळलं. "म्हणजे आता दिवसभर माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटणार!"

मुलगा जेवत होता. ताटातून मान वर न करता म्हणाला, "आई, तुझी खाट गोठ्यात टाकतो. इथं पोरीला अभ्यासाला जागा नाही."

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या कुंभारणीनं जीव दिला, तेव्हा गाव म्हणालं, म्हातारपणाला कंटाळली. थोरलीला खरं ठाऊक होतं. दोन पोरांच्या दारी गाठोडं घेऊन फिरत होती ती. एक म्हणे त्याच्याकडं जा, दुसरा म्हणे इकडं कशाला आलीस.

थोरली उठली आणि अनवाणीच नदीच्या वाटेला लागली. ऊन मी म्हणत होतं. वाटेवरच धाकट्या जावेचं रान. वाटणीत बांधावरून दोघींनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या होत्या, तेव्हापासून बोलणं बंद. धाकटी कांद्यात गुडघे धरून बसली होती.

"अशी कुठं निघालीस?"

"तुला काय करायचंय?"

धाकटीनं तिला नीट निरखलं. "जीव द्यायला निघालीस?"

थोरली थबकली. "हो. कुणाचं काय अडलंय माझ्यावाचून?"

"माझं अडलंय!" धाकटी कण्हत उभी राहिली. "पोरगा शहरात, साधा फोन करत नाही. माझ्याही मनात हेच येतं. मग सकाळी बांधावर तुझं थोबाड दिसतं आणि वाटतं, ही सटवी जिवंत असताना मी का मरू?"

थोरलीला हसू फुटलं. हसता हसता ती मटकन खाली बसली आणि हमसून रडली. धाकटीनं जवळ घेतलं नाही, समजावलं नाही. रडणं ओसरेपर्यंत शेजारी बसून राहिली, मग खुरपं पुढं सरकवलं.

"गुडघे वाकत नाहीत माझे. तू तण काढ, निम्मा कांदा तुझा. आणि रात्री माझ्याकडंच नीज. पण बांध माझा."

"तुझ्या बापाचा बांध!"

दिवस कलता मुलगा शोधत आला. "आई, घरी चल. लोक काय म्हणतील?"

"लोकांना गोठ्यात झोपव," थोरली म्हणाली.

"हात चालव," धाकटी खेकसली. "गोगलगाय बरी तुझ्यापेक्षा."

"मग ये, तूच बस इथं!"

मुलगा बांधावर ताटकळत उभा राहिला. दोघींना भांडणातून त्याच्याकडं बघायला सवड नव्हती.