गोडं पाणी

"थांबा सुजितदादा, पाय नका टाकू. मीठ सांडलंय खाली."

एवढं बोलून सगुणानं बेसिनपाशी भरून ठेवलेला पाण्याचा जग उचलला आणि सगळाच्या सगळा फरशीवर रिता केला. टेबल पुसताना तिचं कोपर लागून काचेची बशी खाली आली होती. जाडंभरडं, किंचित गुलाबी मीठ चहूकडे उडालं होतं. लॅबमधला सुजित हातात बाटल्यांचा ट्रे घेऊन, बूट घालून, दारातून आत येत होता. तो जागीच थांबला. फरशीवरचं मीठ बघता बघता विरघळलं. सगुणानं ते पाणी फडक्यानं टिपून बेसिनमध्ये पिळलं, वर नळ सोडला, आणि तिला हायसं वाटलं.

आता यात तिचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. मीठ पायाखाली येऊ द्यायचं नाही, त्याला झाडू लावायचा नाही, सांडलं तर पाण्यात विरघळवून टाकायचं. खाडीकाठच्या खारेपाटात, मिठागरावर वाढलेल्या मुलीला हे कुणी मुद्दाम शिकवत बसत नाही. ते हाताला आपसूक येतं. एन्झाइम बनवणाऱ्या या कंपनीत ती काचेची भांडी धुवायला लागली, म्हणून हात काय बदलतात?

सुजित मात्र पांढराफटक पडला होता.

"ताई, ते मीठ कुठलं होतं ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. न असायला काय झालं? ते तिच्याच घरचं मीठ होतं.

तिचा बाप धर्मा म्हात्रे याचा जन्म खाडीकाठच्या मिठागरावर गेला. आता त्या मिठागरावर भराव पडलाय आणि वर कंटेनर रचलेत. शेवटच्या हंगामातलं थोडं मीठ म्हाताऱ्यानं बरणीत जपून ठेवलं होतं. लॅबच्या प्रमुख मृणाली मॅडमना ते कळलं आणि त्या स्वतः घरी येऊन बरणी मागून घेऊन गेल्या. मिठाच्या खड्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वर्षानुवर्षं जिवंत राहतात, असं त्यांनी म्हाताऱ्याला ओटीवर बसून समजावलं. कापड रंगवायच्या कारखान्यात पाणी खारट असतं, वर कढत. तिथे कापड स्वच्छ करायची नेहमीची एन्झाइमं पार नासतात. या जिवांचं एन्झाइम मात्र टिकतं. ते मोठ्या प्रमाणावर बनलं तर कारखान्यांना पाणी कमी लागेल आणि खाडीत घाणही कमी जाईल.

म्हाताऱ्याला त्यातलं खाडीचं तेवढं समजलं. त्यानं आख्खी बरणी देऊन टाकली. मॅडमनी लॅबमध्ये त्या जिवांना नावच दिलं, 'धर्मा'. तेव्हापासून म्हातारा गावभर सांगत फिरायचा, माझी पोरं कंपनीत कामाला लागली म्हणून.

मॅडम आल्या. त्यांनी रिकामी बशी पाहिली, ओली फरशी पाहिली. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सगुणाताई, लॅबमध्ये वाढवलेल्या जिवांची खेप मागच्या महिन्यात वाया गेली. म्हणून पुन्हा वाढवायला राहिलेलं सगळं मीठ काल काढून ठेवलं होतं."

"मॅडम, खाली पडलेलं तुम्ही घेतलं नसतंच ना? घाण झालं असणार, असं मला वाटलं."

"घेतलं असतं हो. एवढ्या खारात दुसरं काही जगतच नाही. जमिनीवरून उचलून घेतलं असतं." मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "त्यांना ऊन चालतं, उकळतं पाणी सोडून बाकी सगळं चालतं. गोडं पाणी तेवढं चालत नाही. अंग फुटून मरतात."

सगुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोड्या पाण्यानं काय होतं हे तिला मॅडमनी सांगायला हवं होतं? मीठ धरायच्या दिवसांत अवकाळी सर आली की बाप बांधावर डोक्याला हात लावून बसायचा. पाऊस थांबला तरी उठायचा नाही. आई भाकरी झाकून ठेवायची आणि घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. तसली सर आज तिनं स्वतःच्या हातानं, अख्खा जग रिकामा करून, बापाच्या मिठावर ओतली होती.

"असू दे," मॅडम म्हणाल्या. हे 'असू दे' तिला दिवसभर टोचत राहिलं. जेवणाच्या सुट्टीत ती बायकांत गेली नाही, डबा तसाच परत आणला.

घरी आली तेव्हा म्हातारा ओटीवर बसला होता. उन्हात मिठाकडे बघून बघून त्याचे डोळे गेल्यात जमा होते. माणूस तो चपलांच्या आवाजावरून ओळखायचा.

"सगुणे, आपली पोरं बरी हायत ना?"

रोजचाच प्रश्न.

"बरी हायत, बाबा."

बोलली आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. आंधळ्या बापाला फसवायचं, तेही इतक्या सहज. जेवताना आमटीत मीठ कमी पडलंय असं म्हातारा म्हणाला, तरी वरून मीठ वाढायला तिचा हात पुढे होईना.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळीच दारात गाडी थांबली. मृणाली मॅडम. सगुणाला वाटलं, आता धरणीनं पोटात घ्यावं.

"धर्माकाका, मीठ संपलं हो आमचं," मॅडम ओटीवर टेकत म्हणाल्या. "घरात अजून थोडं असेल का? चिमूटभर असलं तरी पुरे."

त्यांनी सगुणाचं नावसुद्धा काढलं नाही. बाईचा हा चांगुलपणा सगुणाला सोसवेना. ती दाराची चौकट धरून उभी होती. तिथूनच म्हणाली,

"संपलं न्हाय, बाबा. माझ्या हातनं सांडलं. मी त्याच्यावर पानी ओतलं. पोरं मेली. काल मी खोटं बोलली तुमच्याशी."

म्हाताऱ्यानं तिच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"पायदली गेलं?"

"न्हाय."

"मंग तू तरी काय करनार व्हतीस," तो म्हणाला. मग त्याचा चेहरा एकाएकी उजळला. "अगो, माळ्यावरची माझी टोपली काढ. जल्मभर तिच्यातनं मीठ वाहिलं. तिच्या विणीत भरलेलं हाय. मॅडमना पायजेल तवढं निघंल."

सगुणा हलली नाही.

मॅडम पहिल्यांदा घरी यायच्या होत्या, त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. शिकलेली बाई येणार म्हणून सगुणानं घर घासूनपुसून लख्ख केलं होतं. ओटीच्या खुंटीवर ती टोपली लटकत होती, काळी, मिठाची पुटं चढलेली, खाऱ्या वासाची. तिला त्या टोपलीची लाज वाटली. म्हातारा झोपलेला बघून तिनं ती विहिरीवर नेली, काथ्यानं खसाखसा घासली आणि माळ्यावर नेऊन टाकली. धूळ बसते म्हणून वर ठेवली, असं बापाला सांगितलं होतं.

"काढ ना गो," म्हातारा म्हणाला.

तिनं टोपली काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. म्हाताऱ्याची जाड बोटं विणीतून फिरली. एकदा फिरली, पुन्हा फिरली, पार बुडापर्यंत गेली. मग त्यानं बोट जिभेला लावलं.

"अळणी हाय," तो म्हणाला.

सगुणानं मान खाली घातली. सांगायला काही उरलंच नव्हतं. बापाला समजलं होतं, आणि टोपली कधी धुतली, कुणासाठी धुतली, हेही त्यानं ताडलं होतं. टोपली मात्र मांडीवरून खाली ठेवली नाही.

"काका, खाडीपलीकडे अजून मिठागरं चालू आहेत," मॅडम म्हणाल्या. "तिथून आणू आम्ही. तिथेही सापडतील."

"सापडतील. आना." म्हातारा थांबला. "पर त्यांना माजं नाव लावू नका. ज्याचं मीठ, त्याचं नाव."

मॅडमनी मान हलवली. मग त्याला दिसत नाही हे आठवून "बरं" म्हणाल्या.

"सगुणे," म्हाताऱ्यानं हाक मारली. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "बाई कवाची आलीय. पानी दे तिला."

सगुणा आत गेली. तिनं हंड्यातून तांब्या काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी धरून, पावलापुढे पाऊल टाकत बाहेर आणला. बापाच्या ओटीवर तिनं पाण्याचा एक थेंब पडू दिला नाही.